कनातीच्या दारातली शमशाद

कोल्हापुरात पैलवानाला दूध किती लागतं, बदाम किती लागतात आणि पहाटे तो जोर किती मारतो, हे अख्ख्या गल्लीला तोंडपाठ असतं. पण त्याच गल्लीतली पोरगी चार पावलं पळाली की गल्ली विचारायची, कुणाची गं ही? आणि विचारणाऱ्याचा आवाज असा, की जणू पोरीनं कुणाची भिंतच पाडली. साठ-बासष्ट सालचा हा काळ. आता कुणी तसं विचारत नाही, आणि पूर्वी आपण विचारत होतो हे कबूलही करत नाही.

मंगळवार पेठेत हुसेनभाई मंडपवाल्यांचं घर होतं. पुढं दोन खोल्या आणि मागं लांबलचक गोदाम. गोदामात बांबू, दोरखंड, लोखंडी मेखा आणि कापडाच्या कनाती. पेठेतलं एकही लग्न, बारसं किंवा सभा हुसेनभाईंच्या कापडाशिवाय होत नसे. शमशाद ही त्यांची एकुलती एक मुलगी. उचगावला दिली होती. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको आणली, तेव्हा शमशादनं भांडण केलं नाही की छाती बडवून घेतली नाही. बापाची बैलगाडी उचगावात कुणाच्या तरी लग्नाचे बांबू उतरवायला आली होती, त्या रिकाम्या गाडीत बसून ती सरळ माहेरी परत आली. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती.

 हुसेनभाईंनी फाटलेल्या कनातींचा ढीग तिच्यापुढं टाकला आणि सुईदोरा दिला. त्यांच्या परीनं ती मायाच होती. शमशाद दिवसभर गोदामात बसून ठिगळं लावायची. पेठेतल्या सगळ्या लग्नांचं कापड तिच्या हातून जायचं, पण लग्नात तिला कुणी बोलवायचं नाही. टाकलेल्या बाईचं तोंड नव्या नवरीनं बघू नये, असं बायका आपसात म्हणायच्या, आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायच्या. घरात आई नव्हती. बाप दिवसभर कामावर. कधीकधी संध्याकाळी तिच्या लक्षात यायचं की सकाळपासून आपण तोंडातून शब्दही काढलेला नाही. मग ती उगाचच खाकरायची, आवाज आहे का बघायला.

अशात एके दिवशी पेठेतल्या मुलींच्या शाळेतल्या कालिंदीबाई गोदामात आल्या. या व्यायामाच्या बाई. अंगानं काटकुळ्या, पण आवाज तालमीतल्या वस्तादाला लाजवणारा. त्यांनी शाळेत मुलींचा खो-खोचा संघ काढला होता आणि तो महिनाभरातच मोडायला आला होता. शाळेचं मैदान रस्त्याला लागून. पलीकडच्या तालमीतली पोरं तिथल्या भिंतीवर ओळीनं बसायची आणि कोण कशी पळते याच्या नकला करायची. मुलींचे बाप शाळेत येऊन सांगून गेले, आमच्या पोरी तमाशाला दिलेल्या न्हाईत.

"मला मैदानाला चारी बाजूंनी कनात पाहिजे," कालिंदीबाई म्हणाल्या. "मंगळवारी आणि शनिवारी. आत एकही पुरुष नको. भाडं शाळा देईल."

हुसेनभाईंनी डोकं खाजवलं. कनात लावणारी माणसं सगळी पुरुष. लावून ती बाहेर आली, तरी मध्येच वाऱ्यानं मेख उपटली तर? दोर सुटला तर? आत जाऊन बांधणार कोण? त्यांनी गोदामाच्या कोपऱ्यात बसलेल्या लेकीकडं बघितलं.

"तू जाती क्या बेटी? वहां मरद लोगां नक्को बोलते."

शमशादनं होकाराची मान हलवली. त्या दिवशी तिनं काढलेला तो पहिला आवाज म्हणजे हातातली सुई डब्यात टाकल्याचा.

कनात लावणं हे दिसतं तितकं सोपं काम नव्हे. कापड जास्त ताणलं तर वाऱ्यात फाटतं, सैल सोडलं तर मधेच लोंबतं आणि फटीतून सगळं दिसतं. शमशादनं महिनाभरात हात बसवला. एका कोपऱ्यात तिनं कापडावर कापड चढवून दार ठेवलं आणि त्या दारात गोणपाट टाकून ती बसायला लागली. कालिंदीबाईंनी तिला एकच हुकूम दिला होता.

"दारातून एकही पुरुष आत सोडायचा नाही. शाळेचा शिपाई असो, मुलीचा मामा असो, नाहीतर कलेक्टर असो. आणि डाव चालू असताना मला हाक मारायची नाही."

तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी कसलातरी अधिकार दिला होता. ती तो डोळ्यांत तेल घालून सांभाळायला लागली.

पण एकदा फसली. एका शनिवारी काळा कोट, चष्मा आणि काखेत फाईल घेतलेला एक गृहस्थ आला. म्हणाला, मी शिक्षण खात्यातून तपासणीला आलोय. शमशाद बिचारी घाबरली. सलाम करून तिनं दार उघडलं. गृहस्थ खुर्चीवर बसला, आल्याचा चहा प्यायला, दोन डाव बघून मान डोलावून गेला. कालिंदीबाईंनाही शंका आली नाही. संध्याकाळी कळलं, तो तालमीतलाच एक टोणगा होता. कोट मामाचा आणि चष्मा आज्ज्याचा. कट्ट्यावर त्यानं प्रत्येक मुलीची नक्कल करून दाखवली आणि पेठ पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी निम्म्या बापांनी आपल्या पोरी खेळातून काढून घेतल्या. कालिंदीबाई शमशादला एवढंच म्हणाल्या, "आता पुन्हा नाही." शमशादला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. पुन्हा नाही म्हणजे नाही, असं तिनं मनाशी घट्ट ठरवलं.

बाहेर तोंड करून बसायचं काम असलं, तरी तिचे कान आत असायचे आणि हळूहळू मानही आत वळायला लागली. पळणाऱ्या मुलींत एक होती बायडा. शाहूपुरीच्या गुळाच्या अड्ड्यावर हमाली करणाऱ्या केरबाची पोरगी. पाय काडीसारखे, गुडघे कायम फुटलेले. पण ती खांबाजवळ हूल द्यायची तेव्हा पाठलाग करणारी मुलगी खांबाला मिठी मारून उभी राहायची आणि बायडा भलतीकडंच निघून गेलेली असायची. कालिंदीबाई शिट्टी तोंडात तशीच ठेवून हसायच्या.

बायडा सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची आणि शमशादला दोर ओढायला मदत करायची. तिची आई अड्ड्यावर गूळ निवडायला जायची, घरी धाकटी भावंडं. तिला घरी जायची घाई नसायची. खेळ संपला, बाकीच्या मुली गेल्या, तरी ती गोणपाटावर येऊन टेकायची. भाकरीचा तुकडा मोडून निम्मा शमशादला द्यायची. तिनं शमशादला विचारल्याशिवाय मावशी म्हणायला सुरुवात केली.

"मावशी, तू कधी खेळलीयास?"

"अकरा वरसाची हुते तवा लगोरी खेळायची. मग बंद केलं अब्बानं."

"आता कोण हाय बघायला? कनात हाय की अजून. पळ."

"येडी का काय तू!"

"पळ की गं मावशी! बघू तरी."

आणि शमशाद पळाली. पदर कमरेला खोचला, चपला दारात काढल्या आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत अंगात होतं तेवढ्या जोरानं पळाली. दम लागला, पोटात दुखायला लागलं, आणि मग हसूच आवरेना. दोघी मातीत फतकल मारून हसत बसल्या. पुढं शहाण्या लोकांनी कनातीला पुष्कळ नावं ठेवली. मुलींना कोंडलं, म्हणाले. असेल. पण शमशादला विचाराल, तर उभ्या कोल्हापुरात चार कापडांमधली तेवढीच जागा तिची होती. तिथं तिला कुणी टाकलेली म्हणत नव्हतं.

अशी पाच-सहा वर्षं गेली. लहानगी बायडा मोठी झाली, दहावीच्या वर्गात गेली. मग जोतिबाच्या डोंगरावरनं तिला स्थळ आलं. गुलाल-खोबऱ्याचं दुकान, घरचं खाऊन-पिऊन सुखी. केरबाला सोडवेना. पण पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. कालिंदीबाई स्वतः त्याच्या घरी गेल्या. राज्याच्या शालेय संघाची निवड होणार होती, पुण्याहून निवड करणारे गृहस्थ खेळ बघायला येणार होते. बायडा निवडली गेली तर शिष्यवृत्ती होती, पुढं शिकता येणार होतं.

केरबा मोजकं बोलणारा माणूस. पण बोलला की शब्द फिरवत नसे. अड्ड्यावर त्याची तशी ख्यातीच होती.

"संघात नाव आलं तर पोरगी मॅट्रिक हुईस्तोर लगीन न्हाय," तो म्हणाला. "न्हाय आलं, तर चैताची जत्रा झाली की बार उडवून टाकायचा. मग बाई, तुम्ही मधी पडायचं न्हाय."

कालिंदीबाईंनी मान्य केलं. बायडानंही केलं. तिला वाटलं, पळायचंच तर आहे.

गृहस्थ रविवारी सकाळच्या गाडीनं येणार होते. कालिंदीबाई स्टेशनवर घ्यायला जाणार, शाळेत चहापाणी, मग त्यांना घेऊन त्या स्वतः कनातीत येणार. पुरुषाला आत आणायला त्या एका दिवसापुरती पालकांची परवानगीही काढून ठेवलेली, आणि शमशादलाही तसं सांगितलेलं. शनिवारी दुपारी सरावाचा शेवटचा सामना होता.

फेब्रुवारीतलं ऊन. शमशाद दारात बसलेली. आतून आरडाओरडा, खोऽऽ खोऽऽ, कालिंदीबाईंची शिट्टी. रस्त्यानं एक गृहस्थ चालत आले. काळा कोट, केस पिकलेले, हातात चामडी पिशवी.

"कालिंदीबाई आत आहेत का? मी पुण्याहून आलोय. निवडीसाठी."

शमशादनं त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. पहिल्यांदा नजर गेली ती कोटावर.

"डाव चालू हाय. सरल्यावर या."

"माझ्याकडं वेळ नाही बाई. मिरजेचं काम लवकर उरकलं म्हणून आजच आलो. संध्याकाळच्या गाडीनं मला परत जायचंय. त्यांना निरोप तरी द्या."

एवढ्यात पलीकडून तालमीच्या भिंतीवरनं एक पोरगं ओरडलं, "आलं बगा दुसरं सायेब!" आणि सगळी भिंत खदाखदा हसली. झालं! शमशादच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यांचंच हे सोंग. मागल्या वेळी पोरगा होता, आता कुणाचा तरी चुलता धरून आणलाय.

"पावणं," ती उठून म्हणाली, "असलं कोटवालं लई बघितल्यात. वाटंला लागा."

गृहस्थांनी कपाळावर आठ्या घातल्या आणि कनातीच्या दाराला हात लावला. शमशादनं मेखा ठोकायची मोगरी उचलली. मारली नसती तिनं, पण उचलली. भिंतीवर शिट्ट्या सुरू झाल्या. गृहस्थ दोन पावलं मागं सरले. तोंड लालेलाल झालेलं. उन्हात थोडा वेळ उभे राहिले, आत चाललेला गलका ऐकला आणि आले तसे निघून गेले. शमशादनं दाराचं कापड पुन्हा नीट ताणून घेतलं. आज आपण कुणाला फसलो नाही, या समाधानानं ती खाली बसली.

आत त्या दिवशी बायडाला कुणी हात लावू शकलं नाही. अख्खा डाव ती एकटी पळत होती. कालिंदीबाई बाहेर आल्या त्या नाचतच.

"शमशाद, अगं आजचा खेळ त्या गृहस्थांनी बघायला हवा होता! उद्या याच्या निम्मं खेळली तरी काम झालं."

"बाई, आज बी आलता एक कोटवाला," शमशाद हसत म्हणाली. "पुण्यास्नं आलोय म्हणं. निवडीसाठी म्हणं. हाकलला."

कालिंदीबाईंचं हसू जागच्या जागी राहिलं.

"कसा होता दिसायला?"

शमशादनं सांगायला सुरुवात केली. पिकलेले केस, चामडी पिशवी, मिरजेचं काहीतरी म्हणत होता. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला, कारण कालिंदीबाई मातीतच खाली बसल्या होत्या. मग त्या उठल्या आणि तशाच, शिट्टी गळ्यात, टांगा करून स्टेशनवर गेल्या. गाडी सुटली होती.

सोमवारी त्यांनी पोस्टातून पुण्याला फोन लावला. रडल्या, विनवण्या केल्या, सगळं सांगितलं. पलीकडून गृहस्थ म्हणाले, नावं ठरली आहेत. आणि जिथं खेळ झाकून ठेवतात, तिथलं मी काय निवडणार?

कालिंदीबाई शमशादला रागावल्या नाहीत. "मीच तुला तसं सांगितलं होतं," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बायडा शेजारीच उभी होती, गुडघ्याला मैदानाची माती. ती म्हणाली, "मावशी, तू त्याला नीट बघितलं बी न्हाईस?" आणि भाकरीचं फडकं तिथंच टाकून घरी गेली.

केरबानं शब्द पाळला. चैताची जत्रा झाली आणि वैशाखात बार उडाला. मंडपाचं काम हुसेनभाईंकडंच आलं. पेठेत दुसरं होतंच कोण? ते लेकीला म्हणाले, तू नक्को जाऊ. पण शमशाद गेली. आदल्या दिवशी दुपारी, घरातल्या बायका हळदीच्या तयारीत असताना, तिनं स्वतःच्या हातांनी मेखा ठोकल्या, गुलाबी कापड चढवलं, झालर लावली.  नवरी बाहेर यायच्या आत ती मागच्या बोळातनं निघून गेली. टाकलेल्या बाईचं तोंड नवरीनं बघू नये म्हणतात ते खरंच आहे, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कालिंदीबाईंनी पालकांची सभा घेतली आणि सांगितलं, इथून पुढं मैदानाला कनात लागणार नाही. ज्यांना मुली काढायच्या असतील त्यांनी खुशाल काढाव्यात. काहींनी काढल्या. पण उरलेल्या उघड्यावर खेळल्या, जिल्ह्यात पहिल्या आल्या, आणि मग काढलेल्यांतल्या निम्म्या परत आल्या. पुढं संघाचे दोन संघ झाले, कबड्डी आली, हॉकी आली, मुली आखूड चड्डी घालून पळायला लागल्या. आणि भिंतीवरची ती तालमीतली पोरं? तीच आता बापई झालेली पोरं सामन्याच्या दिवशी हलगी घेऊन यायची आणि घसा फाटेस्तोवर ओरडायची, आमच्या पेठेच्या पोरी हाईत! कुणाला आठवतही नव्हतं की आपण काय केलं होतं. गावाचं असंच असतं.

कालिंदीबाईंनी शमशादला निरोप धाडला, खेळ बघायला येत जा. ती एक-दोनदा गेली. कडेला बसली. हाताला काम नाही, तिला कुणी ओळखत नाही. वारा आला की ती सवयीनं दोराकडं बघायची, आणि तिथं दोर नसायचा. नव्या मुली छान पळत होत्या. पण खांबाजवळ कुणी हूल दिली की शमशादला बायडाच दिसायची. तिनं जाणं सोडलं. पुढं कालिंदीबाईही मोठ्या हुद्द्यावर दुसऱ्या गावी गेल्या. शमशाद पुन्हा गोदामात, ठिगळं लावत. संध्याकाळी पुन्हा ते खाकरणं.

दर वर्षी चैतात जोतिबाला मात्र तिला जावंच लागे. जत्रेत दुकानदारांची पालं ठोकायचं काम हुसेनभाईंचं. डोंगरावर गुलालाचा असा खच पडायचा की जमीन दिसू नये. त्या गर्दीत, देवळाकडं चढणाऱ्या वाटेवर, बायडाचं दुकान होतं. शमशादला ते पहिल्याच वर्षी दिसलं. आत बायडा बसलेली, डोक्यावर पदर, पुढ्यात गुलालाची टोपली, हिरवा चुडा भरलेले हात खोबरं तोलत होते. शमशादनं तोंड वळवलं आणि डोक्यावरचं कापड थोडं पुढं ओढून झपाझप पुढं गेली. त्या दुकानाचं पाल ठोकायला तिनं अल्लाउद्दीनला पाठवलं, बापाच्या हाताखालच्या जुन्या गड्याला. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी बायडाच्या मांडीवर मूल होतं. अशी बारा वर्षं शमशाद त्या दुकानावरनं मान खाली घालून गेली. आपण समोर आलो तर पोरीची जखम उघडेल, असं ती स्वतःला सांगायची. खरं म्हणजे तिला भीती वाटायची. दिवसभरात एकदा तरी आठवण येणारं माणूस तिला जगात एकच होतं, आणि त्याच्या तोंडून तळतळाट ऐकायची तिची छाती नव्हती.

एक्क्याऐंशी सालच्या जत्रेला हुसेनभाई नव्हते; आदल्या पावसाळ्यात गेले. अल्लाउद्दीन तापानं फणफणलेला, खाली गाडीत पडून होता. बाकीचे गडी लांबच्या दुकानांवर. बायडाच्या दुकानातनं दोनदा बोलावणं आलं, पाल कुठाय, ऊन लागतंय, गिऱ्हाईक थांबत न्हाय.

शमशाद कापड खांद्यावर टाकून गेली. मान वर केली नाही. मेखा ठोकल्या, बांबू उभा केला, दोर ओढला.

"वर घे जरा," दुकानातून आवाज आला. "माणसांच्या डोस्क्याला लागतंय."

शमशादनं वर घेतलं. हाताला गाठ बसेना.

"बारा वरसं झाली डोंगरावर येतीस," तोच आवाज म्हणाला. बायडा टोपलीतला गुलाल सारखा करत होती, वर बघत नव्हती. अंगानं भरली होती, कोपरापर्यंत हात गुलाबी. "दुकानाम्होरनं जातीस. मी काय वळखत न्हाय का तुझी चाल?"

"कुठल्या तोंडानं थांबू बायडा?" शमशाद दोराशी झटत म्हणाली. "माझ्यापायी तुझा खेळ गेला."

"गेला. व्हय, गेला. मी कशाला खोटं बोलू?" बायडाचा आवाज चढला; चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, तिला पर्वा नव्हती. "पैल्या वर्सी लई शिव्या घातल्या तुला. लगनात बी मंडपभर बघितलं, मेखा तुझ्या हातच्या, आन् तू न्हाईस. दुसऱ्या वर्सी शिव्या सरल्या. मग नुसती वाट बघितली की गं. हितं मी कोण हाय? खोबरं तोलणारी. म्या पळत हुते, हे ह्या डोंगरावर कुणाला ठावं हाय? सासू म्हणती थापा मारती. नवरा हसतोय. पोरं बी हसत्यात. बघितलं हुतंच कुणी? बाहेरच्या कुणी बघू ने म्हणून तर तू कनात लावायचीस. बघितलेलं माणूस म्हंजी तू. आन् तू तोंड फिरवून जायाचीस."

शमशादच्या हातातून दोर सुटला आणि कापड खाली आलं. दोघींनी मिळून ते उचललं. बायडानं बांबू धरला, शमशादनं गाठ मारली.  बारा वर्षं आपण जे या पोरीला वाचवण्यासाठी करत होतो, तेच तिला सगळ्यांत जास्त लागलं होतं. पोरीचा खेळ शमशादच्या हातून एका दुपारी चुकून गेला होता, पण त्या खेळाची साक्ष तिनं दर वर्षी जाणूनबुजून नेली होती.

मागच्या खोलीतून दहा-अकरा वर्षांची एक पोरगी केसांना फीत बांधत बाहेर आली. पायात कॅनव्हासचे बूट.

"ही थोरली," बायडा म्हणाली. "खालच्या शाळंत जाती. खो-खोत हाय. हिला खेळाय कुणाला इच्यारावं लागत न्हाय." मग पोरीला म्हणाली, "ए, हिला इच्यार. मी पळत हुते का न्हाय ते."

पोरीनं शमशादकडं बघितलं, गुलालानं माखलेल्या एका मंडपवालीकडं बघावं तसं. "आई खरंच पळायची व्हय?"

"व्हय," शमशाद म्हणाली. "तिला कुणी हात लावू शकायचं न्हाय."

पोरगी तोंडावर हात धरून हसली. एवढ्यात वाटेवरून मैत्रिणीनं हाक मारली आणि ती निघाली, भर जत्रेतून, माणसांच्या मधून, इकडून कट मारून तिकडून, फीत उडवत. हजारो माणसं होती. कुणीही वळून बघितलं नाही.

दोघी बायका पालाच्या सावलीत उभ्या राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

"माझ्यागत पळती न्हवं?" बायडानं विचारलं.

शमशादनं नीट आठवून बघितलं. खोटं बोलायची तिची तयारी नव्हती, आणि गरजही नव्हती.

"न्हाय," ती म्हणाली. "तू जास्त पळायचीस."

बायडानं गुलालाचे हात तसेच डोळ्यांवर दाबले. डोंगरावर हे सांगू शकणारी शमशाद एकटी होती, आणि एवढं सांगायला तिनं बारा वर्षं लावली होती.